पायी जाऊन खातरजमा होईल अशी बातमी



साथीच्या काळात समाजमाध्यमं कशी वापरावीत, हा आजचा विषय. बोलायला उभं राहिलं की कुणीही मोबाइलपासून सुरुवात करील. मला ती 1896 पासून करायची आहे. आपण ज्या उपनगरांत राहतो, त्यांच्या वाढीत एका साथीचा मोठा हात आहे आणि त्या साथीतलं बरंच काही आपल्या अजून कामाचं आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतली जवळपास निम्मी माणसं शहर सोडून गेली. कुणी कोकणात गेलं, कुणी देशावर. ज्यांना जमलं ते माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टीतल्या मोकळ्या हवेत राहायला आले. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत त्या दिवसांत उभे केलेले प्लेगचे क्रूस आजही दिसतात. त्याच साथीत, ऑक्टोबर महिन्यात, गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आत नेलेला माणूस परत येत नाही, तिथं माणसं मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचं औषध काढतात, अशी बोलवा होती.

ही बोलवा खोटी होती. पण ती का पटली, हे पाहायला हवं. रुग्णाला बळजबरीनं उचलून नेत. नातेवाइकांना भेटू देत नसत. भीतीपोटी लोक रुग्ण लपवून ठेवत, त्यामुळे तो रुग्णालयात पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असे आणि बहुतेक जण तिथंच दगावत. गल्लीतल्या माणसाला दिसत होतं ते एवढंच: माणूस आत गेला आणि बाहेर आला नाही. कारण सांगणारं विश्वासाचं माणूस जवळ नव्हतं. सरकार बोलत होतं ते हुकमांतून आणि जाहीरनाम्यांतून. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. कायद्यानं अधिकार मिळतो, भरवसा मिळत नाही.

आर्थर रोडचं ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. 17 मार्च 2020 ला महाराष्ट्रातला कोरोनाचा पहिला मृत्यू तिथंच झाला. रुग्ण घाटकोपरचे होते, दुबईहून परतलेले. त्या आठवड्यात आपल्याकडे फोनवर काय चाललं होतं ते इथल्या बहुतेकांना आठवत असेल. त्या गृहस्थांची इमारत कुठली, घरी कोण कोण, मुलगा कुठे कामाला, कुठल्या दुकानातून सामान जायचं, अशी विचारपूस घाटकोपरच्या बाहेरही सुरू होती. ज्या घरात माणूस गेला होता आणि उरलेले विलगीकरणात होते, त्या घराची ती चौकशी होती. काळजीनं विचारणारे त्यात किती होते?

विलगीकरणातल्या माणसाच्या डाव्या हातावर शिक्का मारायचा निर्णय त्याच सुमारास झाला. दोनच दिवसांत शिक्का असलेल्या चौघांना पालघरला गाडीतून उतरवलं. त्यांनी प्रवास करायला नको होता, हे खरंच. पण पुढे शिक्क्यांचे फोटो, विलगीकरणातल्या लोकांच्या नावापत्त्यांच्या याद्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरू लागल्या. मी दवाखाना चालवतो, म्हणून याचा पुढचा टप्पा मला दिसला. खोकला असलेली माणसं दवाखान्यात यायची थांबली. फोनवर हळू आवाजात विचारायची, ‘डॉक्टर, तपासणी केली तर सोसायटीला कळेल का?’ एकाचं नाव फोडलं की दहा जण ताप लपवतात, आणि लपवलेला ताप घरातल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत जातो. रुग्णाचं नाव पुढे पाठवणं असभ्य आहे, हे कुणीही कबूल करील. त्यानं साथ वाढते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. 1896 मध्ये लोकांनी रुग्ण लपवले ते सरकारच्या भीतीनं. 2020 मध्ये लपवले ते शेजाऱ्यांच्या भीतीनं.

अफवा काही फोननं जन्माला घातलेली नाही. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर दोन दिवसांनी, 28 जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत बांध फुटला, पाणी येतंय, अशी आरोळी उठली. अंधारात, अरुंद गल्ल्यांतून लोक धावले आणि चेंगराचेंगरीत लहान मुलांसह अनेक जण गेले. पाणी आलंच नाही. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. दोन दिवस पाण्यात काढलेल्या माणसांना अजून पाणी येतंय हे खरं वाटायला कुणाचा संदेश लागत नव्हता. मग फोननं बदललं काय? माझ्या मते तीन गोष्टी बदलल्या. सांगणाऱ्याचा चेहरा गेला, सांगितल्याची वेळ गेली आणि जागा गेली. वस्तीतली अफवा वस्तीत थांबायची, दुसऱ्या दिवशी तिचा धनी सापडायचा. पुढे पाठवलेल्या संदेशाला धनी नसतो. तो गेल्या वर्षीचा असेल, नागपूरचा असेल, दुसऱ्या देशातला असेल. आपल्या हाती पडतो तेव्हा तो आजचा आणि इथलाच वाटतो.

ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे ते पावसाळ्यात दवाखान्याच्या पायरीवर फळा टेकवून ठेवत. कुठल्या चाळीत कावीळ निघाली आहे, कुठल्या नळाचं पाणी उकळून घ्या, पटकीची लस कुठे टोचतात, असं खडूनं लिहीत. खाली तारीख आणि सही. रुग्णाचं नाव त्या फळ्यावर कधी आलं नाही. जुनी तारीख दिसली की लोक आत येऊन विचारत, ‘डॉक्टर, हे अजून आहे का?’ माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा त्या फळ्यात आहे. साथीच्या दिवसांत आपण तेवढंच लिहावं ज्याला आपण जबाबदार राहू शकतो. आणि जबाबदार राहता येतं ते बहुधा तिथंच, जिथं आपण पायी जाऊन खातरजमा करू शकतो.

याची उलटी बाजू एप्रिल 2020 मध्ये दिसली. 14 एप्रिलला सकाळी टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं आणि दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. गावी जायला गाड्या सुटणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. रेल्वेच्या एका अंतर्गत पत्राच्या आधारे एका वाहिनीनं गाड्यांची शक्यता सांगितली होती. समाजमाध्यमांवर मजुरांना घरी सोडा म्हणून आवाहनं चालली होती. एका पत्रकाराला आणि आवाहन करणाऱ्या एकाला अटक झाली. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर त्या गर्दीला काय काय म्हटलं गेलं, ते मला इथं उच्चारायचं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण, तीन आठवडे काम नाही, ठेकेदार फोन उचलत नाही, अशा माणसाला गाडी सुटणार हे खरं वाटणारच. गर्दीला मूर्ख ठरवून आपण मोकळे झालो. त्या मजुरांच्या भाषेत, त्यांच्या वस्तीत, त्यांना ओळखीच्या माणसाकडून वेळेवर माहिती पोचली असती तर त्यातले किती जण निघाले असते, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

दोनच दिवसांनी, 16 एप्रिलच्या रात्री, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं कांदिवलीहून सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. मुलं पळवणारे, अवयव काढून नेणारे फिरताहेत, अशा अफवा त्या भागात टाळेबंदीत दिवसेंदिवस फिरत होत्या. मग या हत्येवर दुसरी अफवा बसली. मारणारे एका विशिष्ट धर्माचे आहेत, असे संदेश देशभर गेले. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या 101 जणांबद्दल जाहीर करावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. त्याच्या जवळपास दोन वर्षं आधी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच मुलं पळवण्याच्या संशयावरून मारलं होतं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम जगभर केला. असे संदेश त्यानंतर सत्तर टक्क्यांनी घटले, असं कंपनीनंच सांगितलं. म्हणजे नुसता बोटाला थोडा अडथळा आला तरी एवढं थांबतं. बाकीचा अडथळा आपण घालायचा आहे.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो.

2020 च्या मार्चमध्ये एका ‘मोठ्या डॉक्टरां’च्या नावानं संदेश फिरत होता: सकाळी उठून दहा सेकंद श्वास रोखा, खोकला आला नाही तर तुम्हाला कोरोना नाही. वाचायला निरुपद्रवी. पण या आजाराची एक विचित्र खोड होती. रक्तातला ऑक्सिजन खाली येत असतानाही काही रुग्णांना धाप जाणवत नसे. माणूस पलंगावर बसून बोलतोय, चहा पितोय, आणि ऑक्सिमीटर 85 दाखवतोय. असा माणूस दहा सेकंद श्वास रोखू शकतो. तो संदेश त्याला सांगतो, तू ठीक आहेस. आणि त्या आजारात पाचव्या ते दहाव्या दिवसांमधला एकेक तास मोलाचा असे.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी आली. हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. कापराच्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही, आणि लहान मुलांना तर कापूर घातक ठरू शकतो. एका घरी मी गेलो तेव्हा आजोबांच्या उशाशी ती पुरचुंडी होती, गळ्यात दुसरी, आणि सून मला सांगत होती की सकाळपासून बरं वाटतंय. बोटाला यंत्र लावलं. 81. मी त्या सुनेला बोलू शकलो नाही. तिनं रात्रभर जागून जमेल ते केलं होतं. तिला तो संदेश आत्यानं पाठवला होता, आत्याला भिशीच्या ग्रुपवर आला होता, आणि सगळ्यांनी तो मायेपोटीच पुढे पाठवला होता. बहुतेक चुकीचा सल्ला मायेपोटीच येतो. म्हणून ‘खोट्या बातम्या पसरवणारे समाजकंटक’ असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. समाजकंटक थोडे असतात. आत्या घरोघरी असते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2006 ते 2017 या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख बातम्या तपासल्या होत्या. 2018 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात खोटी बातमी पुढे जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा सत्तर टक्क्यांनी जास्त आढळली, आणि त्याला कारण यंत्रं नव्हती, माणसं होती. खोटी बातमी नवलाची असते. ‘भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरांना दाखवा’ यात नवल काही नाही.

फटका फक्त रुग्णाला बसतो असंही नाही. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये कोंबडीनं कोरोना होतो हा संदेश फिरला आणि महाराष्ट्रातला कुक्कुटपालक रस्त्यावर आला. पक्षी फुकट वाटले गेले, काहींनी पुरून टाकले. विषाणूचा कोंबडीशी संबंध नव्हता. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. संशय दूषित पाण्यावर होता. पण लोकांच्या बोलण्यात पुन्हा कोंबडी आली, आणि हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागतच नाही ही साधी गोष्ट मागे पडली.

आता चांगली बाजू, आणि ती मला जास्त वेळ घेऊन सांगायची आहे. समाजमाध्यमं म्हणजे रोगाची धन, असं मी मानत नाही. एप्रिल 2021 मध्ये त्यांनी माणसं वाचवली, हे मी याच उपनगरात पाहिलं आहे.

तो महिना आठवा. 17 एप्रिलच्या पहाटेपर्यंत महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून 168 रुग्ण हलवावे लागले, कारण ऑक्सिजन संपत आला होता. मुलुंडचं जम्बो केंद्र, गोरेगावचं नेस्को, मरोळचं सेव्हन हिल्स, सगळीकडे खाटांची ओढ होती. महापालिकेनं 2020 च्या जूनपासून चोवीसही वॉर्डांत वॉर रूम काढल्या होत्या आणि खाटा तिथून मिळत, ही व्यवस्था त्या लाटेत खूप उपयोगी पडली. पण फोन लागेपर्यंत नातेवाइकांचा जीव थाऱ्यावर नसे. अशा वेळी कॉलेजातली मुलं घरात बसून याद्या करू लागली. कुठल्या पुरवठादाराकडे सिलिंडर आहे, प्लाझ्मा कोण देईल, डबा कोण पोचवेल. मालाडच्या मालवणीत तरुण स्वतः सिलिंडर पोचवत होते.

आमच्या भागातल्या मुलांचं काम मी जवळून पाहिलं. पहिल्या चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की यादीतले बहुतेक नंबर बंद आहेत किंवा साठा संपलेला आहे, आणि तरी तीच यादी शंभर जण पुढे पाठवताहेत. ज्याच्या वडिलांचा ऑक्सिजन 84 आहे तो मुलगा वीस नंबर फिरवतो आणि त्यातले अठरा मेलेले निघतात, तेव्हा त्या यादीनं त्याची अर्धी रात्र खाल्लेली असते. मग या मुलांनी नियम केला. प्रत्येक नंबरावर स्वतः फोन करायचा. पुढे लिहायचं: कुणी तपासला, किती वाजता, काय उत्तर मिळालं. चार तास उलटले की तो नंबर यादीतून काढायचा, पुन्हा तपासला तरच परत घालायचा. मदत मागणाऱ्याकडून घ्यायचं ते इतकंच: वय, पुरुष की स्त्री, ऑक्सिजन किती, सध्या घरी की रुग्णालयात, वॉर्ड कुठला, आणि नातेवाइकाचा एक फोन. आधार कार्डाचा फोटो, अहवालाचा फोटो, रुग्णाचा मास्क लावलेला फोटो चालणार नाही. खाट मिळाली की, किंवा माणूस गेला की, मूळ विनंती लगेच पुसायची. हा शेवटचा नियम एका मुलीच्या हट्टानं आला. तिच्या मैत्रिणीची आई गेली होती आणि तेराव्यापर्यंत त्या घरी मदत करू इच्छिणाऱ्यांचे फोन येत होते. ‘अजून सिलिंडर हवाय का?’

या मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. कुणी तपासलं, कधी तपासलं, कुठे, आणि रुग्णाचं नाव नाही. ते आपल्या डॉक्टरांच्या फळ्यापाशीच येऊन पोचले होते.

अशा विनंत्या करणाऱ्यांवर काही राज्यांत कारवाईची भाषा झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2021 ला बजावलं की ऑक्सिजन किंवा खाटेसाठी समाजमाध्यमांवर गाऱ्हाणं मांडणाऱ्या नागरिकांची मुस्कटदाबी होता कामा नये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुंबई पोलिसांनी 2020 मध्ये कलम 144 खाली खोट्या बातम्यांविरुद्ध आदेश काढले आणि त्यात ग्रुपच्या ॲडमिनलाही जबाबदार धरलं. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात खोटी घबराट पसरवणाऱ्याला वर्षभराची कैद आहे. या तरतुदी लागतात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण मे 2020 मध्ये शीवच्या रुग्णालयातलं, रुग्णांच्या शेजारी गुंडाळून ठेवलेल्या मृतदेहांचं चित्रीकरण बाहेर आलं तेव्हा तेही भीतीदायकच होतं. ते खरं होतं, त्याची चौकशी लागली. भीती वाटते म्हणून बातमी खोटी ठरत नाही, आणि धीर देते म्हणून ती खरी ठरत नाही. पुढे मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. कायद्यानं ॲडमिन सुटला. शेजारी म्हणून तो सुटत नाही, असं मला वाटतं. रात्री अकराला आलेली ध्वनिफीत ‘ही कुणाची, कधीची?’ एवढं विचारून थांबवणं त्याच्या हातात असतं.

कांदिवलीतला प्रसंग याच विषयातला आहे. 30 मे 2021 ला एका गृहसंकुलात लसीकरण शिबिर झालं. 390 रहिवाशांनी प्रत्येकी 1,260 रुपये भरून लस घेतली. लस मिळत नव्हती, दारात आली, तेव्हा कोण विचारणार? शिबिराच्या वेळी फोटो काढू दिले नाहीत. सरकारी संदेश आला नाही. मग प्रमाणपत्रं आली ती निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची. आणि रहिवाशांना आणखी एक गोष्ट खटकली: इतक्या लोकांत कुणाला ताप नाही, कुणाचा हात दुखला नाही. मला यात आशेची जागा दिसते. ‘तुला ताप आला का? मला नाही आला. तुझ्या प्रमाणपत्रावर कुठलं नाव आहे?’ हे शेजाऱ्यानं शेजाऱ्याला विचारणं म्हणजे खातरजमाच. ज्या रुग्णालयांची नावं होती त्यांनी हात वर केले, गुन्हा दाखल झाला, आणि राज्य सरकारनं उच्च न्यायालयात सांगितलं की अशा शिबिरांत मुंबईत दोन हजारांहून अधिक लोक फसले आहेत. शेकडो मैलांवरच्या बातमीबद्दल या 390 जणांना काही ठरवता आलं नसतं. आपल्या दंडाबद्दल आलं.

तोवर लस हा शब्द काही घरांत आधीच संशयाचा झाला होता. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली तेव्हा या लसीनं मुलं नपुंसक होतात अशा अफवा फिरल्या, काही शाळांतल्या पालकांनी नकार दिला. मग कोरोनाची दोन वर्षं गेली, नेहमीचं लसीकरण विस्कळित झालं. ऑक्टोबर 2022 मध्ये गोवंडीच्या रफी नगरात एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत दगावली आणि गोवराची साथ सगळ्यांच्या नजरेस आली. कारणं एकाहून अधिक होती: दाटी, कुपोषण, स्थलांतर. पण नकार मोडून काढायचं काम पुन्हा माणसांनाच करावं लागलं. आरोग्यसेविका आणि आशाताई दारोदार गेल्या, वस्तीतल्या मौलवींनी आवाहन केलं. एका संदेशानं लागलेली शंका काढायला किती जिने चढावे लागतात, ते त्या बायकांना विचारा.

आता पुढच्या पावसाळ्याचं. आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो ठरलेले आहेत. डेंग्यूत सगळे प्लेटलेटच्या आकड्यामागे लागतात आणि ग्रुपवर पपईच्या पानांचा रस येतो. त्यापेक्षा हे पाठवा: ताप उतरल्यावर धोका संपत नाही, पुष्कळदा तिथंच सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंगात त्राण नसणं यातलं काही दिसलं तर रुग्णालय गाठा. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका. साचलेल्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल, तर ताप यायची वाट न पाहता 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टो टाळायला गोळी असते. हे मी आज, या व्यासपीठावरून, माझ्या नावानं सांगतो आहे. पाठवताना माझं नाव आणि आजची तारीख ठेवा. काढून टाकलीत तर पाठवू नका.

आणि आपल्या सोसायटीपुरतं असं लिहा: ‘बी विंगमध्ये डेंग्यूचे दोन रुग्ण आहेत. गच्चीतल्या टाकीचं झाकण तुटलंय, मी आज सकाळी पाहिलं. सेक्रेटरींना सांगितलं आहे, वॉर्ड ऑफिसला तक्रार केली आहे.’ खाली नाव, खोली नंबर, तारीख. रुग्णांची नावं नकोत. झाकण बसलं की तेही लिहा आणि जुना संदेश काढा. या चार ओळींनी डास मरतात. दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयाच्या भयंकर चित्रफितीनं एकही मरत नाही.

सरकारकडूनही मागणं आहे. महापालिकेनं साथीचे आकडे वॉर्डावार, दर आठवड्याला, मराठीत आणि हिंदीत, तारखेसह द्यावेत, आणि वाईट आकडा लवकर द्यावा. ज्या आठवड्यात अधिकृत माहिती येत नाही त्या आठवड्यात आत्याची माहिती चालते. 2021 मध्ये कुठल्या केंद्रावर लस आहे याची यादी महापालिका रोज समाजमाध्यमांवर टाकत असे. लोक तिची वाट पाहत, तिच्यावर विसंबत. साथ ओसरल्यावर ती सवय सोडायचं काही कारण नव्हतं.

संयोजकांशी बोलून आम्ही एक ठरवलं आहे. दाराशी टेबलावर एक वही आहे. ज्यांच्या सोसायटीचा किंवा चाळीचा ग्रुप आहे त्यांनी तिथं इमारतीचं नाव आणि ॲडमिनचा नंबर लिहावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविकांना आम्ही इथं बोलावणार आहोत. प्रत्येक ॲडमिननं आपल्या भागातल्या आरोग्यसेविकेला प्रत्यक्ष भेटावं, तिचा नंबर घ्यावा, आणि तापाविषयीचा कुठलाही संदेश आधी तिला दाखवावा. तिच्यावर कामाचा बोजा आहे हे आम्हाला माहीत आहे, म्हणून दिवसातून एकदाच, संध्याकाळी, सगळे प्रश्न एकत्र करून विचारायचे. वहीत पेनही ठेवलं आहे. वही मागच्या दाराशी आहे, पुढच्या नाही.